मुरलेल्या माणसाची सिगार

सिगार ओढायला अक्कल लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. एका टोकाला काडी, दुसऱ्या टोकाला तोंड, यात शिकण्यासारखं आहे काय? हे मत मी जन्मात एकही सिगार न ओढता बनवलं होतं. माझी बहुतेक ठाम मतं अशीच बनतात.

आमची कंपनी धुराचे अलार्म बनवते. छताला चिकटवायची ती पांढरी बशी तुम्ही पाहिली असेल. एरवी तिच्यात हिरवा दिवा लुकलुकतो आणि धूर झाला की ती बोंब मारते. ही बशी विकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आमचे विक्रीप्रमुख निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खुर्चीसाठी दोघेच उरलो, मी आणि होयबा. साहेबांनी ‘आज उकडतंय’ म्हटलं की भर थंडीत जो कपाळ पुसतो, त्या सहकाऱ्याला आम्ही होयबा म्हणतो.

त्यात आले नवे साहेब, आणि त्यांच्या तोंडात सिगार! धुराच्या अलार्मवाल्या कंपनीत असा साहेब, हे कुणालाच खटकलं नाही. साहेबांचं काही खटकू द्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी शिस्त आहे. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायला सांगितलं. खुर्चीचं तिथेच ठरवू म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, सिगार ओढता का?

“नाही साहेब,” होयबा म्हणाला. “तुम्ही शिकवाल तर शिकेन.”

मला त्याची कीव आली. संधी समोर चालून आलेली आणि हा गडी नापास!

“मी कॉलेजपासून ओढतो,” मी म्हणालो. “पण मला कडकच लागते. हलकी ओढली की ओढल्यासारखं वाटत नाही.”

साहेबांचा चेहरा असा खुलला की खुर्ची माझ्याकडे दोन पावलं सरकल्याचा मला भास झाला. त्यांनी खणातून एक जाडजूड सिगार काढून माझ्या हातात ठेवली आणि शनिवारपर्यंत हिच्यावर भागवा म्हणाले.

घरी बायकोनं ती सिगार दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली. रस्त्यात कुणी सिगरेट पेटवली तरी तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर जाता, याची तिनं आठवण करून दिली. मी म्हणालो, खुर्चीसाठी माणसाला काय काय करावं लागतं.

“खुर्चीत बसायला शुद्धीत असावं लागतं ना, अहो?” ती म्हणाली.

सिगार ओलसर ठेवावी लागते, एवढं मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ती मी फ्रिजमध्ये काकडी आणि कोथिंबिरीच्या मध्ये ठेवली. शुक्रवारी रंगीत तालमीसाठी अर्धी रजा टाकून घरी आलो, तेव्हा ती काकडीपेक्षाही ओली झाली होती.

तालीम बाथरूममध्ये करायची ठरवली. बायको कामावर होती आणि सासरेबुवा पुढच्या खोलीत दुपारची झोप काढत होते. आमच्या घरात खोलीखोलीत कंपनीचे अलार्म आहेत, फुकटात मिळालेले. तेव्हा खबरदारी म्हणून बाथरूममधल्या अलार्मवर मी बायकोची आंघोळीची निळी टोपी चढवली. माझ्या दूरदृष्टीचं मला कौतुक वाटलं.

सिगार पेटेना. काड्यांवर काड्या ओढल्या, तेव्हा कुठे तिनं एक मरतुकडी ठिणगी धरली. पण धूर? छे! ओढून ओढून माझे दोन्ही गाल आतून एकमेकांना भेटले. तोंडाकडचं टोक बंद असतं आणि ते जरासं कापायचं असतं, हे मला कोण सांगणार? संशय आला तसा मी गॅलरीतून कुंड्यांची कात्री आणली आणि चांगली बोटभर सिगार छाटली. ती कोबीसारखी उलगडायला लागली. मी तिला पार निखाऱ्याजवळपर्यंत रबरबँड गुंडाळलं आणि ओढली.

आता मात्र धूर आला! मी तो पोटापर्यंत नेला, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. बाथरूम फिरू लागलं. बादलीचा आधार घेतला तर बादलीही फिरत होती. मधल्या काळात निखारा रबरबँडपर्यंत पोचला आणि टायर जळाल्यासारखा वास दाराच्या फटीतून पॅसेजभर पसरला.

सासरेबुवा अग्निशमन दलातून निवृत्त झालेत, हे सांगायचं राहिलं. त्यांनी हाक मारली नाही, की दार वाजवलं नाही. एका लाथेत कडी उडवली आणि पॅसेजमधलं आग विझवायचं नळकांडं माझ्यावर पूर्ण रिकामं केलं. मी पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखा उभा होतो.

“जावईबापू,” त्यांनी शांतपणे विचारलं, “आत आणखी कुणी आहे का?”

संध्याकाळी बायकोनं बाथरूम धुतलं. आणि पॅसेजमधल्या बशीकडे बघत म्हणाली, एवढा धूर झाला, बाबा झोपेतून उठले, मग हा अलार्म का नाही वाजला? याच्यावर तर टोपी नव्हती. मी म्हणालो, बॅटरी गेली असेल. ती म्हणाली, दिवा तर लुकलुकतोय. मग मी गिऱ्हाइकाला सांगतो तेच सांगितलं, की आमचा अलार्म उगीच वाजत नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य आहे.

शनिवारी साहेबांच्या दिवाणखान्यात होयबा माझ्या आधीच पोचला होता. साहेबांनी त्याला शेजारी बसवून सगळं शिकवलं: टोक किती कापायचं, आच दुरून कशी द्यायची, राख आपोआप पडेपर्यंत का झटकायची नाही. आणि मुख्य म्हणजे, धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यायचा. मी कान टवकारून ऐकत होतो. पण वरवर ‘हे काय नवीन’ असा चेहरा ठेवावा लागत होता. साहेबांनी होयबाला करंगळीएवढी हलकी सिगार दिली.

“तुम्ही मुरलेले,” असं म्हणत त्यांनी माझ्यासाठी वेगळी पेटी उघडली. “तुमच्यासाठी खास कडक ठेवलीय. ही मलाही झेपत नाही.”

ती सिगार नव्हती हो, टेबलाचा पाय होता! एक झुरका घेतला आणि कान गरम झाले. दुसऱ्यात जीभ गेली. तिसऱ्यात घाबरून गिळायचं नाही ते गिळलं. कपाळावरचा घाम मी बाहीनं पुसला. खाली गालिचा बघितला की तोही फिरायचा, म्हणून मी मान मागे टाकून छताकडे बघत बसलो. साहेबांना वाटलं, मी तल्लीन झालोय.

छतावर आमचीच बशी होती. तिघांच्या धुरात ती दिसेनाशी झाली होती आणि तिचा हिरवा दिवा सुखानं लुकलुकत होता. माझ्या डोळ्यांपुढे पॅसेज आला, बायको आली, आणि मी आजवर ज्यांना ज्यांना ही बशी विकली ती सगळी घरं आली. शुद्धीत असतो तर गप्प बसलो असतो.

“साहेब,” मी म्हणालो, “हा वाजत का नाही?”

साहेबांनी वर पाहिलं. होयबा चटकन म्हणाला की उंची धूर आणि साधा धूर यातला फरक आपल्या अलार्मला कळतो. साहेबांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. मग मात्र ते खुर्चीवर चढले आणि बशीच्या थेट तोंडावर धूर सोडला. काही नाही. होयबानं चढून सोडला. काही नाही. माझी पाळी आली तेव्हा मी कोपऱ्यातल्या कुंडीत तोंड घालून बसलो होतो.

सोमवारी निकाल लागला. विक्रीप्रमुख होयबा झाला. अलार्म विकणाऱ्यानं वर बघत बसू नये, असं साहेबांचं मत पडलं. पण माझ्यावरही त्यांनी अन्याय केला नाही. धूरचाचणी असा नवा विभाग काढला आणि मला त्याचा प्रमुख केलं. प्रत्येक अलार्म बाहेर पडण्याआधी बंद खोलीत खऱ्या धुरानं तपासायचा, आणि या कामाला इतका मुरलेला माणूस कंपनीत दुसरा नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सल्लागार म्हणून सासरेबुवांना घेतलंय. ते नळकांडं घेऊन दाराबाहेर बसतात.

तेव्हा कधी आमच्या कंपनीत आलात, तर मागच्या बाजूच्या काचेच्या खोलीत जरूर डोकवा. तोंडात जाड सिगार, डोळे पाण्यानं भरलेले, आणि केसांना वास लागू नये म्हणून बायकोनं सक्तीनं घालायला लावलेली निळी टोपी डोक्यावर, असा एक माणूस छताकडे बघत बसलेला दिसेल. हसू नका. तो विभागप्रमुख आहे.