उजव्या बाजूचा कप

खोटी वस्तू आपल्या डोळ्यांसमोरून खरी म्हणून जाऊच शकत नाही, असं सर्व्हेअरसाहेब जेवताना सांगत, दाढी करताना सांगत आणि कुणी विचारलं नाही तर जरा जास्तच सांगत. चौतीस वर्षं त्यांनी विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासल्या होत्या. पत्र्याला पडलेला पोचा बघून गाडी झाडाला धडकली की खांबाला, ते सांगायचे. जळालेल्या गोदामातली राख चिमटीत धरली की माल खरंच आत होता की आधीच हलवला होता, ते त्यांना कळायचं म्हणे. आता निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्यांना कुणीही काहीही तपासायला बोलावलं नव्हतं. घरातलं तपासण्यासारखं सगळं तपासून झालं होतं. गॅसचा सिलिंडर तर त्यांनी दोनदा वजन करून पाहिला होता, आणि बायको माहेरी जायच्या गोष्टी करू लागली होती. अडचण एवढीच, की तिचं माहेर आता याच घरात राहायला आलं होतं.

माहेर म्हणजे आप्पा. साहेबांचे सासरे, वय शहाऐंशी. जिने चढणं जमेना तेव्हा दोन वर्षांपूर्वी मुलीने त्यांना आपल्याकडे आणलं. येताना आप्पांनी आपल्या दुकानातून दोनच वस्तू आणल्या. एक नटबोल्टांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि दुसरी एक जुनी शर्यतीची सायकल. दुकान पंक्चरचं होतं. निदान साहेब तरी लग्नानंतरची एकतीस वर्षं तसंच सांगत आले होते, तेही कुणी खोदून खोदून विचारलं तर.

ही सायकल बोळकंडीत भिंतीला टेकून उभी असायची आणि दर दोन दिवसांनी साहेबांची विजार तिच्या पायडलला अडकायची. एका सकाळी वाकून, दातओठ खात विजार सोडवताना त्यांना पुढच्या नळीवर, धुळीखाली, काहीतरी चमकताना दिसलं. थुंकी लावून पुसलं तर पितळेचा बिल्ला. त्यावर मुकुट, आणि खाली इटालियन नाव.

झालं. साहेबांच्या अंगात आठ महिन्यांनी वारं शिरलं. त्यांनी वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं, भिंग काढलं, निवृत्तीच्या दिवशी कपाटात ठेवलेली ऑफिसची फाईल काढली. गिअर इटालियन. ब्रेक इटालियन. क्रँकवर, हँडलवर, सीटच्या दांड्यावर, जिथे बघावं तिथे इटालियन कारखान्यांचे छाप. पन्नास वर्षांची सायकल, आणि इतके दिवस तिच्यावर ओले टॉवेल वाळत होते!

मग त्यांनी एक गिऱ्हाईक शोधलं. दातांचे डॉक्टर होते, जुन्या शर्यतीच्या सायकली जमवायचे. त्यांच्या दवाखान्यात खुर्चीत आडवं झाल्यावर पेशंटला छताला टांगलेल्या सायकलीच दिसायच्या. फोनवर वर्णन ऐकून डॉक्टरांचा आवाजच बदलला. येत्या रविवारी अकराला येतो म्हणाले. फक्त एक विनंती केली, की पायडलचा धुरा ज्या आडव्या नळीतून जातो ती नळी उघडून ठेवा. बाहेरचा छाप कुणीही लावतो, खरंखोटं आतल्या आट्यांवरून कळतं.

बायकोने ऐकलं आणि हातातली कणीक तशीच ठेवून बाहेर आली. ती सायकल विकायची नाही, असं तिने सरळ सांगितलं. आप्पांकडे आता त्यांचं म्हणावं असं दुसरं राहिलंय काय? साहेबांचं म्हणणं, वस्तू अडगळीत सडण्यापेक्षा कदर करणाऱ्याकडे जावी. शेवटी दोघंही आप्पांसमोर जाऊन उभे राहिले. आप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांनी बराच वेळ जावयाकडे पाहिलं, नेहमी पाहतात त्यापेक्षा जरा निरखून.

"खरी निघाली तर खुशाल न्या," ते म्हणाले. "पण उघडायची तुम्ही, माझ्यासमोर. खोटी निघाली तर ती जागची हलणार नाही, आणि विजारीचं रडगाणं बंद."

साहेबांनी हसून हात पुढे केला. बायको मात्र आप्पांकडे बघत राहिली, कारण गेल्या दोन वर्षांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते.

बुधवारी काम सुरू झालं. साहेबांनी सायकल उभी करून जेवणाच्या टेबलाला बांधली. त्या आडव्या नळीच्या दोन्ही तोंडांना झाकणासारखे एकेक लोखंडी कप असतात. डावीकडचा कप पाच मिनिटांत निघाला, धुरा बाहेर आला, छर्रे सगळे जमिनीवर सांडले आणि त्यातले दोन अजून फ्रिजखाली आहेत. राहिला उजवीकडचा. आता ऐका. जगातल्या बहुतेक सायकलींत उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे सोडवायचा तर आवळल्यासारखा फिरवावा लागतो. इटालियन सायकलीत मात्र तो साध्या आट्यांचा, बरणीच्या झाकणासारखा सुटणारा. हे साहेबांनी पुस्तकात वाचलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. नाक्यावरच्या कुठल्याही कारागिराला हे ठाऊक नसेल, असं त्यांनी आप्पांना मुद्दाम सांगितलं.

आप्पा नुसते "अच्छा" म्हणाले.

कप हलला नाही. पन्नास वर्षांचा गंज, साहेब म्हणाले, आणि त्यांनी रॉकेल सोडलं. गुरुवारी पान्ह्याला हातभर लांब नळी जोडली. कप किंचित कुरकुरला, साहेबांना वाटलं सुटला, पण तो होता तिथेच, उलट जरा जास्तच रुतून बसला. दुपारी त्यांनी बायकोला सायकलीवर वजन देऊन बसवलं आणि स्वतः नळीला लोंबकळले. टेबलाचा एक पाय कडकन वाजला. बायकोने सायकलीवर बसल्याबसल्या सुचवलं की एकदा दुसरीकडे फिरवून बघा ना, बरणीचं झाकणही कधी कधी तसं सुटतं. साहेबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. दुसरीकडे फिरवणं म्हणजे सायकलीवर संशय घेणं, आणि ज्याची खात्री आहे त्यावर संशय घ्यायला ते काही नवशिके नव्हते. खरं सांगायचं तर कप जितका घट्ट होत होता तितकी त्यांची खात्री वाढत होती. इटालियन काम म्हटल्यावर असं सहजासहजी सुटणार कसं?

शुक्रवारी त्यांनी अहवाल लिहून टाकला. कप सुटायचा बाकी होता, पण निष्कर्ष तयार होता, आणि एवढ्या वर्षांत निष्कर्षासाठी ते कशालाच थांबलेले नव्हते. तीन पानी, मुद्देसूद, खाली रबरी शिक्का. संध्याकाळी त्यांनी तो आप्पांना वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'फ्रेमच्या सांध्यांची सफाई पाहता कारागीर असामान्य दर्जाचा असावा. नळ्यांचे जोड कानशीने इतके पातळ उतरवले आहेत की बोटाला कड लागत नाही. असा हात एतद्देशीय दुकानांत आढळणे नाही.'

आप्पांनी ते पान पुन्हा वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा. म्हाताऱ्याला ऐकू कमी येऊ लागलंय, असं साहेबांच्या मनात आलं आणि तिसऱ्या वेळी त्यांनी ते चांगलं ठणठणीत आवाजात वाचलं.

शनिवारी पान्हा सटकला. तो गेला तो थेट बोळकंडीतल्या आरशात. कपाच्या कडा घासून गोल झाल्या, नळीवरचा रंग उडाला आणि साहेबांच्या अंगठ्याला पट्टी आली. आप्पा त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीतून उठले. काठी टेकत आले, रंग उडालेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि परत जाऊन बसले. ते बघून बायकोने नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की बास करा आता. साहेबांनाही आतून वाटत होतं बास करावं. पण उद्या डॉक्टर येणार होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं मत ऐकायला आपणहून येणार होतं, आणि ते मत मागे घ्यायला त्यांची जीभ वळेना.

रविवारी बरोबर अकराला डॉक्टर आले. बिल्ला बघितला, गिअर फिरवून बघितले, आणि गुडघ्यांवर बसले ते उठेचनात. कप निघाला नाही हे ऐकून ते अजिबात नाराज झाले नाहीत. साहेबांचा अहवाल त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, एवढ्या अनुभवी माणसाचा शब्द मला पुरेसा आहे. सायकल अशीच नेतो, उघडायची ती घरी उघडीन. खाली गाडी उभीच आहे.

साहेबांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती आप्पांकडे बघत होती. आप्पांनी खुर्ची सायकलीपाशी ओढून घेतली होती आणि सीटवर ठेवलेला हात ते उचलत नव्हते. डॉक्टरांनी सायकल उचलायला हँडल धरलं.

"उलटा फिरवा," आप्पा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. आप्पांनी मुलीला बिस्किटांचा डबा आणायला सांगितलं. त्यातून एक जाड बोल्ट, दोन वायसर आणि नट निवडून काढला, जसा काही कालच ठेवला होता. बोल्ट कपातून आरपार घालून आतून नट बसवायला लावला आणि जावयाच्या हातात पान्हा दिला. "आवळा. आवळत राहा."

"अहो आप्पा, आवळला तर सुटेल कसा?"

"चार दिवस तुम्ही तो आवळतच होता, जावईबापू. आता सोडवायला आवळा."

साहेबांनी पान्हा फिरवला. बोल्ट आवळत गेला, मग कपाला धरून बसला, मग टक्क असा आवाज झाला आणि कप सगळ्यांच्या देखत शहाण्यासारखा फिरत बाहेर आला. उलट्या आट्यांचा. पुस्तकात दोन रेघा मारलेल्या त्या वाक्याचा अर्थ काय होतो, हे साहेबांना आतापर्यंत व्यवस्थित कळलं होतं. फ्रेम इटालियन नव्हती.

डॉक्टरांनी सवयीने खिशातून दात तपासायचा छोटा आरसा काढला आणि नळीच्या आत धरला. बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले की हे आतूनसुद्धा कानशीने साफ केलंय, सांधा कुठे आहे ते दिसत नाही. आत कोण बघतं? कुणी केलं हे?

"मी," आप्पा म्हणाले. "आत कुणी बघत नाही, हे खरं. आज तुम्ही बघितलंत."

मग त्यांनी सांगितलं. एकदा त्यांच्या दुकानात खरी इटालियन सायकल आली होती, ट्रकखाली सापडून मोडलेली. फ्रेमचा चुरा झाला होता, बाकी सामान वाचलं होतं. तिचा मालक शर्यतीत उतरायचा. आप्पांनी मापं घेऊन रात्रंदिवस खपून नवी फ्रेम बनवली. आटे पाडायचं हत्यार त्यांच्याकडे एकच होतं, तेव्हा आटे आपल्याकडचे पडले. मालकाने फ्रेम पाहिली आणि पंक्चरवाल्याच्या फ्रेमवर बसणार नाही म्हणाला. म्हणून आप्पांनी तिचा रंग बदलला, जुना बिल्ला काढून तिला लावला आणि दोन महिन्यांनी सांगितलं की ही इटलीहून मागवली. तो बसला. जिंकलाही. बक्षीस घेताना म्हणाला, इटालियन ते इटालियनच. पुढे परदेशी जाताना सायकल आप्पांकडे टाकून गेला.

"तेव्हापासून वाट बघतोय," आप्पा म्हणाले. "वाटलं, जावई एवढा तपासणारा आहे, तो तरी ओळखेल."

साहेबांची मान खाली गेली. एकतीस वर्षं हा माणूस त्यांच्या पंगतीला जेवला होता, आणि त्याच्या हातांकडे त्यांनी एकदाही भिंग लावून पाहिलं नव्हतं. त्यांना खरोखर लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांच्याकडे हातातल्या तीन कागदांखेरीज काही नव्हतं. ते कागद त्यांनी फाडायला घेतले.

"फाडू नका," आप्पा म्हणाले. "चांगलं लिहिलंय. एक रकाना तेवढा बदला."

साहेब टेबलाशी बसले. निर्मात्याच्या रकान्यातलं इटालियन नाव खोडून त्यांनी आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं. तिसऱ्या पानावरचा 'एतद्देशीय' शब्द तसाच ठेवून 'आढळणे नाही' खोडलं आणि वर लिहिलं, 'आढळला'. डॉक्टर शेजारी उभे राहून हे सगळं वाचत होते. जाताना ते आप्पांना विचारून गेले की माझ्या दोन फ्रेमना तडे गेलेत, एकदा नजर टाकाल का? आप्पा म्हणाले, बघू. तेवढं म्हणतानाही ते खुर्चीत इंचभर उंच झाले होते.

"शेवटचा रकाना राहिला," डॉक्टर गेल्यावर आप्पांनी आठवण केली.

शेवटचा रकाना 'नुकसान व त्याचे कारण' असा होता. नोकरीभर साहेबांनी तिथे बहुतेकांच्या नशिबी दोनच शब्द लिहिले होते, 'मालकाचा हलगर्जीपणा', आणि कित्येकांचे दावे त्या दोन शब्दांत निकालात काढले होते. आता त्यांनी लिहिलं: कपाच्या कडा झिजल्या, नळीवरचा रंग उडाला, आरसा फुटला, टेबलाचा एक पाय निकामी. कारण. इथे पेन थांबलं. बायको मागून वाचत होती. लिहा ना, ती म्हणाली, एवढ्या वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला.

साहेबांनी लिहिलं, 'सर्व्हेअरचा हलगर्जीपणा', आणि वर शिक्का मारला.

सायकल अजून बोळकंडीतच आहे. फुटलेल्या आरशाच्या चौकटीत बायकोने अहवालाची पानं लावली आहेत, आणि आप्पांना खुर्चीत बसून दिसावीत म्हणून जरा खालीच लावली आहेत. साहेबांची विजार अजून पायडलला अडकते. सोडवायला वाकलं, की शेवटचा रकाना बरोबर नाकासमोर येतो.