हणमंतरावांचा एकच युजर

हणमंतराव शेलारांनी मला पहिल्यांदा चहा करताना पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच स्टुलावर, गुडघ्यावर वही ठेवून ते बसले होते आणि मला म्हणत होते, "बाई, चा करा. मी हितं न्हाईच असं समजा."

सहा फूट उंचीचा, पांढऱ्या मिशांचा निवृत्त सुभेदार समोर असताना तो नाही असं समजणं अवघड असतं. त्या गडबडीत मी पातेलं ठेवलं एका शेगडीवर आणि बटण फिरवलं दुसरीचं. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांच्या चुका काढल्या, त्यामुळे स्वतःची चूक मला फार लागते. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"तुमी न्हाई चुकला," हणमंतराव लिहिता लिहिता म्हणाले. "माणूस चुकत न्हाई बाई, वस्तू चुकती. तीन बटणं एका रांगेत, शेगड्या तिकोनात. कुठलं कुणाचं ते कळावं कसं?" आणि खिशातून लाल चिकटपट्टी काढून त्यांनी बटणावर लावली. ती अजून तिथेच आहे. तेव्हापासून माझं बटण चुकलेलं नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

तुम्ही दोघं नातवंडं परदेशातून साताऱ्याला आलात तेव्हा हे शेजारी तुम्ही पाहिले आहेत. माझ्या फाटकाला "ओढा" अशी पाटी लावणारे ते हेच. सैन्यात असतानाच त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं होतं. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी दृश्य आणि वापर-अनुभव यांच्या डिझाइनचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला, ऑनलाइन. म्हणजे फोनचा पडदा, मशीनची बटणं, दाराची पाटी कशी असावी, जेणेकरून वापरणाऱ्याचा गोंधळ होणार नाही, याचं शास्त्र. प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं, या वयात हे का शिकावंसं वाटलं? ते म्हणाले, "वेळ हाय." एवढंच. बाकीचा अर्ज मी इंग्रजीत लिहून दिला होता, म्हणून निभावलं.

पहिल्या दिवशी प्राध्यापिका पडद्यावर आल्या आणि हणमंतराव उठून उभे राहिले. सवयच ती. वर्गातल्या तीस मुलांना तीन मिनिटं त्यांच्या पट्ट्याचं बक्कल दिसत राहिलं. पुढे मुलांनीही त्यांना स्वीकारलं. कोणी सर म्हणतं, कोणी अंकल. नेहा नावाची एक मुलगी बंगळूरहून त्यांच्या गटात होती, ती त्यांना थेट "सुभेदार" म्हणायची आणि ते तिला "बोल, जवान" म्हणायचे.

अभ्यास ते मोहिमेसारखा करत. "निरीक्षण" असा धडा आला, तर तीन दिवस एसटी स्टँडवर जाऊन बसले. लोक गाडी शोधताना आधी कुठे बघतात, हे त्यांना टिपायचं होतं. मिशा, वही आणि रोखलेली नजर बघून मेढ्याच्या एका बाईने मुकाट्याने तिकीट काढून दाखवलं. दुसरा एक जण दाखवायला तिकीट नव्हतं म्हणून मागच्या मागे पसार झाला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी बाकावर कोणी बसेना. "वापरणारा मोकळेपणी वागला पायजे," ते खिन्नपणे म्हणाले, "ते काय जमना."

मग एक काल्पनिक माणूस तयार करायचा होता, ज्याच्यासाठी आपण वस्तू बनवतो तो. वर्गातल्या मुलांनी सत्तावीस वर्षांच्या, कॉफी आवडणाऱ्या, धावायला जाणाऱ्या मुली तयार केल्या. हणमंतरावांनी लिहिलं: इंदूबाई, वय एकसष्ट, शिक्षण चौथी, डावा गुडघा दुखतो, तिखट कमी चालत नाही, राग आला तर बोलत नाही, भांडी घासते. प्राध्यापिकांनी शेरा मारला, फारच जिवंत, इतके तपशील कसे मिळवले? हणमंतरावांनी उत्तर पाठवलं, "लग्न केलं."

इंदूवहिनी तीन वर्षांपासून सांगलीला आहेत. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, नातू लहान, म्हणून त्या गेल्या त्या तिथल्याच झाल्या. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येतात. हणमंतरावही सुरुवातीला गेले होते. आठ दिवसांत त्यांनी सुनेच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची जागा बदलली, लिफ्टमधल्या बटणांना रंग दिले आणि नातवाच्या दप्तराचे कप्पे नव्याने शिवून घेतले. नवव्या दिवशी सूनबाईंनी त्यांना मोठ्या आदराने साताऱ्याच्या गाडीत बसवून दिलं. येताना दशम्या बांधून दिल्या होत्या, हे ते आवर्जून सांगतात.

एका दुपारी ते माझ्याकडे कागद घेऊन आले. त्यावर एक चौकोन आणि त्याचे चार रकाने: वापरणारा काय बोलतो, काय करतो, त्याला काय त्रास होतो आणि त्याच्या मनात काय चाललेलं असतं. इंदूवहिनींच्या नावाने पहिले तीन रकाने त्यांनी गच्च भरले होते. चौथा कोरा.

"बाई, हितं काय लिहू?"

"तुमची बायको. तुम्हालाच ठाऊक."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "तीस वर्षं बाहीर हुतो. सुट्टी मिळाली, बूथ मिळाला, की मी फोन लावायचो. गावात एकाच दुकानात फोन. ती पळत यायची, धाप लागलेली. सगळं बरं? व्हय. पोरगं? बरं हाय. झालं, संपले पैसे. आता तिच्याकडं सवताचा फोन हाय, तरी मीच लावतो. उचलाय येतो तिला, लावाय येत न्हाई. ते बारके आकडे, ती यादी, बोट भलतीकडंच पडतं. मी लय वरडलोय तिच्यावर, एवढं कसं कळंना म्हणून." त्यांनी टोपण पेनावर घट्ट बसवलं. "मला आठवण आली की घंटा तिकडं वाजती. तिला आली तर कुठं वाजती, ते मला अजून ठावं न्हाई."

मला तेव्हा कळलं की "वेळ हाय" हे उत्तर खरं असलं तरी पुरं नव्हतं. या माणसाने पदव्युत्तर अभ्यास घेतला होता तो बायकोने एकदा आपणहून फोन करावा म्हणून. शेवटचा प्रकल्पही त्यांनी तोच घेतला: इंदूबाईंना एका बोटात नवऱ्याला फोन लावता येईल असा पडदा.

पहिली तऱ्हा बोलण्याची. फोनला सांगायचं, हणमंतरावांना फोन लाव, की लागला. हणमंतराव ती घेऊन सांगलीला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

"नाव घ्यायना झाली."

बेचाळीस वर्षांत इंदूवहिनींनी नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं. त्या फोनला म्हणाल्या, "ह्यास्नी लाव." फोन म्हणाला, मला समजलं नाही. वहिनी नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा, त्यालाबी तुमी कोन ते ठावं न्हाई." शेवटी नातवाच्या हट्टापायी त्यांनी लाजत लाजत उखाणा घेतला, पण नाव येईपर्यंत फोन झोपी गेला होता.

दुसरी तऱ्हा फोटोची. पडदाभर हणमंतरावांचा गणवेशातला फोटो, त्यावर बोट ठेवायचं. याही वेळी ते दोन दिवसांत परतले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, नवऱ्याच्या तोंडावर बोट दाबू व्हय? आन् म्हणाली, फोटू बघून भ्या वाटतं."

मी हसले. ते हसले नाहीत. वहीत लिहिलं, "चूक फोटूची."

तिसऱ्या खेपेला नेहाने त्यांना बजावून पाठवलं की सुभेदार, या वेळी काही दाखवू नका, नुसतं विचारा. मग सांगलीच्या त्या बाल्कनीत, धुणं वाळत घालणाऱ्या बायकोला त्यांनी विचारलं, मी सुट्टीवर आलो की तुला कसं कळायचं? वहिनी म्हणाल्या, "कळायचं काय त्यात. रानातनं आलं की दारात बूट दिसायचं. बूट दिसलं की माझा डोसक्यावरचा भारा आपसूक हलका व्हायचा."

साताऱ्याला येऊन त्यांनी ट्रंकेतून जुने बूट काढले, दोन तास पॉलिश केलं, उंबऱ्यापाशी ठेवले आणि चाळीस फोटो काढले. उजेड बरा पडावा म्हणून मी चादर धरून उभी होते. त्यातला एक फोटो फोनच्या पडद्यावर चढला. त्यावर बोट टेकलं की हणमंतरावांना फोन लागणार. नेहाने तेवढं जुळवून दिलं. ही तऱ्हा वहिनींना एकदम पसंत पडली. "पायाला हात लावायला कसली लाज?" म्हणाल्या.

प्राध्यापिकांना मात्र पसंत पडली नाही. त्यांचं म्हणणं, बघणाऱ्याला हे चपलांचं दुकान वाटेल. आणि वापरणारे निदान पाच हवेत, एका माणसावरून निष्कर्ष निघत नाही. "मला एकच हाय," हणमंतराव म्हणाले. हे उत्तर अभ्यासक्रमात बसत नव्हतं.

तरी चाचणी झालीच. नियम त्यांनीच घातला: चाचणी चालू असताना वापरणाऱ्याला मदत करायची नाही, आठवण द्यायची नाही. म्हणजे स्वतः फोन लावायचा नाही. फोन वहिनींच्या हातात देऊन, "वाटंल तवा लाव" एवढंच सांगून ते आले.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. चौथ्या दिवशी ते माझ्या व्हरांड्यात येऊन बसले, फोन मांडीवर पालथा. मी म्हटलं, "लावा की तुम्हीच, कोण बघतंय?" ते म्हणाले, "मग मला कसं कळंल?" सहाव्या दिवशी माझ्या फोनवरून त्यांनी स्वतःचा फोन वाजतो का ते तपासलं. वाजत होता. आठव्या दिवशी दाढी केली नव्हती. सैन्यातला माणूस दाढी करत नाही तेव्हा शेजारणीने कारण विचारू नये, एवढं मला कळतं. मी चहा दिला. त्यांनी स्टॉपवॉच आणलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या व्हरांड्यात त्यांचा फोन वाजला. हणमंतराव ताडकन उठून उभे राहिले, जसे पहिल्या दिवशी प्राध्यापिकांसमोर राहिले होते तसे. एका कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते नेहमी स्पीकरवर बोलतात, म्हणून मी मुद्दाम न ऐकताही सगळं ऐकलं.

"काय झालं? बरी हाईस नव्हं?"

"बरी हाय."

"बाळ?"

"समदी बरी हाईत. असाच लावला."

"असाच?"

"मेथी निवडत हुते. तुमी पानं टाकून काड्या ठिवायचा, ते आठवलं."

हणमंतरावांनी फोनसमोर नुसती मान हलवली.

"हाय का तिथं?"

"हाय."

"जेवलासा?"

"अकरा वाजल्यात."

"मग जेवा यळंला. ठिवू?"

"ठिव," हणमंतराव म्हणाले. पण ठेवलं कोणीच नाही. सांगलीतला कुकर दोनदा शिटी देऊन गेला, ती आम्ही दोघांनीही ऐकली, मग फोन बंद झाला. हणमंतराव खाली बसले, वही उघडली, तो जुना चौकोन काढला आणि चौथ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: मेथीच्या काड्या.

अहवालात त्यांनी वापरणारे एक, आलेले फोन एक, असं खरं तेच दिलं. प्राध्यापिकांनी प्रकल्प परत पाठवला. शेरा मात्र मऊ होता: आणखी चार माणसं शोधा, मुदत वाढवून देते. तेव्हा परवा मंगळवारी संध्याकाळी हणमंतराव नवा कोरा चौकोन घेऊन माझ्याकडे आले. दुसरी युजर मी.

"नातवंडांचा फोन कवा येतो?"

"रविवारी साडेसातला. न चुकता."

"तुमी कवा लावता?"

"मी कशाला लावू? त्यांच्या शाळा, क्लास, घाई. उगाच अडचण."

"पर लावता येतो नव्हं?"

"न यायला काय झालं? माझ्याकडेच तर तुम्ही सगळे फोन शिकायला येता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते म्हणाले, "बाई, हितं वस्तूची चूक न्हाई."

मग, मला वाईट वाटलं असेल असं त्यांना वाटलं असावं, म्हणून त्यांनी समजुतीने विचारलं, पडद्यावर चित्र कोणतं लावू? मी म्हटलं, रविवारी त्यांनाच विचारून सांगते.

"आज मंगळवार हाय," ते म्हणाले, वही मिटून उठले आणि निघून गेले. जाताना फाटक त्यांनी ढकलून पाहिलं आणि मग पाटी वाचून ओढलं.

म्हणून मंगळवारी, इकडे संध्याकाळ आणि तुमच्याकडे सकाळ असताना, तुम्ही बूट चढवून शाळेला निघाला होतात, तेव्हा भलत्या वेळी फोन वाजला. तुम्ही दोघंही घाबरून एकदमच म्हणालात, "आजी, काय झालं?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. चित्र विचारायचंही राहून गेलं. काही झालं नव्हतं. मी चहा करत होते.