उणे नऊ दिवसांत निवारण

जी वस्तू एकदाच वापरून टाकून दिली जाते, ती वस्तू नव्हे, उधळपट्टी होय. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात तूरडाळ भरणाऱ्या बायकांना हे केव्हाच कळलं होतं. संगणकाला कळायला मात्र पनवेलात संयुक्त पाणीवाटप समन्वय मंडळ स्थापन व्हावं लागलं.

पाणी सोडणं हे या मंडळाचं दुय्यम काम. मुख्य काम तक्रारी घेण्याचं, आणि त्यासाठी एक वेबसाइट आहे. ती चांगली आहे. (मी उठसूट कुणाला चांगलं म्हणत नाही.)

पूर्वी कुणी तक्रार केली की वेबसाइट आपल्या पोटात एक कोरा अर्ज तयार करी, तो भरून घेई आणि काम झालं की फेकून देई. पुढच्याला पुन्हा नवा. उन्हाळ्यात पनवेलजवळच्या विचुंब्याची माणसं एकदम तुटून पडली की अर्ज बनवता बनवता तिला धाप लागे. मंडळाचा प्रोग्रामर हृतिक याने उपाय काढला. वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर उभी असते त्या फ्रेमवर्कमध्ये सोय होतीच: पन्नास अर्ज एकदाच बनवायचे आणि तेच आलटून पालटून सर्वांना द्यायचे. केटरर नाही का पन्नास ताटांत पाचशे माणसं जेवू घालत! फक्त प्रत्येक पंगतीनंतर ताट धुवावं लागतं, एवढीच त्यात मेख.

हृतिकने अर्ज पुसणारी एक ओळ लिहिलीही होती. मंडळाचे प्रमुख सत्यजीत साहेब यांनी ती बैठकीत अडवली.

"पाण्याची तक्रार म्हणजे पाणी येत नाही. सगळ्यांची तीच. मग पुसायचंय काय त्यात?"

पुसण्याचा विषय दुसऱ्या टप्प्यात घेण्याचं ठरलं. (पहिला टप्पा इतका यशस्वी झाला की दुसऱ्याची गरजच उरली नाही.)

पहिल्या पन्नास तक्रारी माणसांनी सोडवल्या. व्हॉल्व्ह फिरवणारे काशिराम सायकल हाणत गल्लोगल्ली गेले, पाणी आलं, अर्जांवर तारखेसह ‘निकाली’ शेरा पडला, खाली लोकांचे अभिप्राय आणि तारे आले. एकावन्नाव्या माणसाने नाव, पत्ता, नळ क्रमांक स्वतःचा भरला. शेरा, अभिप्राय आणि तारे हे रकाने तक्रार करताना भरायचे नसतात, त्यामुळे तिथे आधीच्याचं होतं तेच राहिलं. तक्रार जन्मतःच निकाली निघाली.

पहिल्या महिन्याचा अहवाल: आलेल्या तक्रारी ४,३१८. निकाली ४,३१८. निवारणास लागलेला सरासरी वेळ उणे नऊ दिवस. म्हणजे नळ कोरडा पडण्याआधीच प्रश्न सुटलेला असे. साहेबांचा सत्कार झाला, हातात रोपटं दिलं. (रोपटं मंडळाचंच. दर सत्काराला तेच देतात आणि फोटो झाला की कुंडीसकट परत घेतात.)

अशा सुरळीत कारभारात ताहिरा भाभी तडमडल्या. विचुंब्यातल्या त्यांच्या घरचा नळ अकरा दिवस कोरडा, आणि शुक्रवारी मुलीचा, हादियाचा, निकाह. जासईहून चाळीस पाहुणे येणार. भाभींनी तक्रार नोंदवली. त्याच क्षणी मोबाईल वाजला: ‘आपली तक्रार निकाली निघाली आहे. धन्यवाद.’ मंगळवारपर्यंत त्यांनी सात वेळा नोंदवली. सात वेळा धन्यवाद.

बुधवारी त्या मंडळात येऊन धडकल्या.

"साहेब, घरात नमाजाआधीच्या वजूपुरतं पाणी नाही, आणि तुमची वेबसाइट मला धन्यवाद देते?"

साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "पाच तारे दिलेत की तुम्ही, भाभी! आणि हा तुमचा अभिप्राय: ‘टाकी वाहून चालली, आता पाणी कमी सोडा.’ आम्ही लगेच कमी केलं."

(पहिल्या पन्नास तक्रारींनंतर मंडळाने प्रत्यक्ष केलेली ही एकमेव कार्यवाही.)

"या अल्ला! मी कशाला असं लिहीन? शुक्रवारी पाहुण्यांना काय तोंड दाखवू?" भाभी रडकुंडीला आल्या.

हृतिकला राहवलं नाही. "सर, ती पुसायची ओळ घालू का? पाच मिनिटांचं काम आहे."

"घातली तर काय होईल?"

"तक्रारी तक्रारीच राहतील, सर."

"मग नको," साहेब म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं. हजारो समाधानी माणसांना एका ओळीत दुःखी करणं कुणाच्याही जिवावर येईल.

शेवटी हृतिकने भाभींना गुपचूप काशिरामांकडे धाडलं.

"बाय, मी दोनदा निगालो व्हतो तुमच्याकडं," काशिराम म्हणाले. "वाटंत मोबाईल वाजला, काम झालंय म्हनून. मंग परत फिरलो. आमी तरी काय करनार?" निकाहाचं ऐकलं मात्र, तसे ते उठलेच. "पोरीचं लगीन हाय नि घरात पानी नाय? मरू दे तो मोबाईल!"

गुरुवारी दुपारी नळ आधी फुरफुरला, मग धो धो वाहिला. हादियाचा निकाह पार पडला, पाहुणे बिर्याणीची तारीफ करत जासईला गेले. शनिवारी काशिरामांना नोटीस आली: एकही तक्रार प्रलंबित नसताना पाणी का सोडलं? खुलासा न पटल्यास नोकरी जाईल.

माझं डोकंच फिरलं. हृतिक माझ्या ओळखीचा; त्याला म्हटलं, या भल्या माणसाला वाचवायची काहीच वाट नाही? त्याने नोंदी उकरल्या. धन्यवादाच्या प्रत्येक संदेशाखाली दोन बटणं असतात: ‘ठीक आहे’ आणि ‘नाही, पाणी आलेलं नाही’. मंडळाचाच नियम आहे, शंभर ‘नाही’ जमले की वेबसाइट दुरुस्त करावीच लागते, आणि मग काशिरामांवरची नोटीस टिकली नसती.

पहिले पन्नास खरे सोडले तर आजवर असे ६,०४० संदेश गेले. ‘नाही’ सात वेळा दाबलं गेलं. सातही वेळा ताहिरा भाभींनी.

बाकीच्या ६,०३३ वेळा लोकांनी कोरड्या नळाखाली उभं राहून, संदेश न वाचता, ‘ठीक आहे’ दाबलं. हृतिकने मला त्यांची यादी दाखवली. तुमचं नाव पाहिलं हो मी त्यात.