वुल्व्हरहॅम्प्टनचा गॅरी

रविवारी दुपारी स्लाऊच्या घरी जेवणं आटोपली आणि पुरुषोत्तम सबनीसांनी जाहीर केलं, की यंदा मंडळाचं संमेलन भरवायचं.

"कुठल्या मंडळाचं?" मधुमतीबाईंनी विचारलं. त्यांना चांगलं माहीत होतं, पण नवऱ्याचं कुठलंही जाहीर केलेलं काम त्या आधी असं जमिनीवर आणून ठेवत.

"माझ्या."

हे मंडळ इंटरनेटवर होतं. ज्यांनी ऐंशीच्या दशकात घरच्या टीव्हीला छोटा संगणक जोडून बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिले आणि ज्यांची ती खोड पुढे गेलीच नाही, अशा हौशी लोकांचा तो कट्टा. पुरुषोत्तमांनी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तो सुरू केला. सुरुवातीला तिथे बरी गर्दी असे. मग लोक नव्या भाषांकडे वळले, काही नातवंडांकडे वळले. एकदा पुरुषोत्तमांच्या लक्षात आलं, की मंडळावरचा शेवटचा संदेश आपलाच आहे, त्याच्या आधीचाही आपलाच, आणि दुसऱ्यात आपण पहिल्याचे आभार मानले आहेत.

"पण बाबा, लोक येतील का?" मँचेस्टरहून आलेली अरुणा वाट्या पुसत म्हणाली. "इट्स अ लाँग वे फॉर मोस्ट ऑफ देम."

"येतील. गॅरी भाषण करणार आहे."

अरुणाचा हात थांबला. "गॅरीला विचारलंत?"

"विचारतो आज. नाही कसा म्हणेल? माझा विद्यार्थी आहे तो. जरा मठ्ठ आहे, पण चिकाटीचा."

"मठ्ठ?"

"जरा."

अरुणाने वाटी जरा जोरात ठेवली. कारण वुल्व्हरहॅम्प्टनचा गॅरी म्हणजे तीच होती.

मंडळावर शुकशुकाट झालेला पाहून तिने एकदा खोटं नाव घेऊन एक सोपा प्रश्न विचारला होता. वडिलांनी चार पानी उत्तर दिलं. त्या आठवड्यात फोनवर त्यांचा आवाज असा खुलला होता, की तिने दुसरा प्रश्न विचारला. मग गॅरीला गाव द्यावं लागलं, गालिचे विकायची नोकरी द्यावी लागली, बायको द्यावी लागली. पाठोपाठ हल शहरातून मार्गारेट नावाची एक बाई उगवली आणि गॅरीच्या प्रत्येक प्रोग्रॅमवर तोंडसुख घेऊ लागली. अरुणाला ती मुळीच आवडत नसे. पण मार्गारेट आली तसा मंडळात जीव आला, हे खरं होतं. दोघांची भांडणं वाचायला आणखी माणसं आली.

पुरुषोत्तमांनी तेवढ्यात एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर संमेलनाचा कार्यक्रम लिहिलासुद्धा. दहा, स्वागत आणि चहा. वीस, गॅरीचं भाषण. तीस, बटाटेवडे. बेसिकमध्ये ओळींना असे दहा-दहाच्या अंतराने आकडे देतात. पुरुषोत्तम वाण्याच्या सामानाच्या यादीलाही तसेच देत.

"वडे शेवटी? गार होतील," मधुमतीबाई म्हणाल्या.

"मग पंधरावर घाल. मध्ये जागा त्यासाठीच असते. आधी न सुचलेलं नंतर घालता येतं."

संध्याकाळी दारात त्यांनी अरुणाला "पोचलीस की फोन कर" म्हटलं, ती "हो बाबा" म्हणाली, आणि धावत जाऊन तिने ट्रेन गाठली.

सोमवारी सकाळी चहाचं पाणी उकळत असताना पुरुषोत्तम खुर्चीत बसले ते उठले नाहीत.

सगळं आटोपल्यावर अरुणाने मंडळावर चार ओळींत बातमी दिली. बर्मिंगहॅमचे निवृत्त भूगोल शिक्षक डेनिस यांचं लगेच उत्तर आलं. मागोमाग स्विंडनच्या कीथचं आलं. मार्गारेटचं अवाक्षर नाही. "एरवी माझ्या प्रत्येक चुकीवर तुटून पडायची," अरुणा आईला म्हणणार होती. पण तसं म्हणता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ती गप्प बसली.

मग डेनिसनी लिहिलं, की संमेलन झालंच पाहिजे, पुरुषोत्तमच्या आठवणीत. आणि भाषण अर्थातच गॅरीचं.

अरुणाने तो संदेश दोनदा वाचला. खोटं उघडं पडण्याचं तिला काही नव्हतं. पण वडील आता बाजू मांडायला नव्हते. एका नसलेल्या गालिचेविक्याला ते वर्षभर मन लावून शिकवत राहिले, असं म्हणून त्यांच्यावर कोणी हसलेलं तिला चाललं नसतं. तेव्हा गॅरीने कळवलं, की त्याचा पाय मोडला आहे.

"काळजी नको," डेनिसनी लिहिलं. "वुल्व्हरहॅम्प्टन मला जवळ आहे. गाडीतून नेईन."

गॅरीने कळवलं, की प्लास्टर कमरेपर्यंत आहे.

"माझ्या गाडीची मागची सीट आडवी होते. मी त्यातून कपाट नेलं आहे."

गॅरी घाईघाईने स्पेनला गेला.

"कमरेपर्यंत प्लास्टर घालून?" डेनिसनी विचारलं. त्याच दिवशी कीथने सुचवलं, की सगळ्यांनी गॅरीला फुलं पाठवू या, पत्ता द्या. अरुणाने गॅरीला स्पेनहून परत आणलं, बरं केलं आणि 'प्रयत्न करतो' असं लिहून संगणक बंद केला.

ठरलेल्या शनिवारी स्लाऊच्या कम्युनिटी हॉलमध्ये मधुमतीबाईंनी चाळीस माणसांचे वडे मांडले. मंडळाचे सभासद तेवढे होते. दोन माणसं आली. डेनिस उंच होते आणि बारीक पावसात भिजले होते. कीथ बुटका होता आणि त्याने आपला जुना संगणक बाळासारखा टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता.

बराच वेळ दाराकडे पाहणं झालं.

"ट्रॅफिक असेल," कीथ म्हणाला.

"सगळ्या चाळीस जणांना?" डेनिस म्हणाले. "मिसेस सबनीस, निदान हलची मार्गारेट तरी येईल ना? खरं सांगतो, मी तिला घाबरून आहे."

"मार्गारेट आली आहे," मधुमतीबाई शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या. "सकाळपासून बटाटे सोलतेय."

अरुणाच्या हातातली चटणी सांडली. "आई? तू?" ती मराठीत म्हणाली; ते तरी पाहुण्यांना कळणार नव्हतं.

"टायपिंग त्यांचं, बोलणं माझं. 'मधू, एखादी बाई अशा वेळी काय म्हणेल गं?' विचारायचे. मी त्यांना जे म्हणत आले तेच सांगायचे. मंडळ थंड पडलंय म्हणून केलं हो त्यांनी."

"पण तू मला बिनडोक म्हणालीस!"

"तुला कुठे? गॅरीला म्हणाले मी."

मधुमतीबाई चटणी पुसत होत्या.

"तुला माहीत होतं," अरुणा म्हणाली.

"मला कुठलं? ते म्हणाले. 'गॅरी दर वेळी नेक्स्ट विसरतो,' म्हणाले. 'असं विसरणारी मी जन्मात एकच पोरगी पाहिली.'"

तेच तेच काम संगणकाकडून पुन्हा करून घ्यायचं, तर शेवटी 'नेक्स्ट' लिहावं लागतं. नाहीतर ते एकदाच होऊन थांबतं. नऊ वर्षांची असताना बाबांकडून बेसिक शिकणारी अरुणा ते विसरायची. गॅरीही विसरायचा.

"आणि मग मार्गारेटने मला लिहिलं होतं," अरुणा हळू म्हणाली, "अनोळखी माणसांचं डोकं खातोस त्यापेक्षा रविवारी आपल्या बापाला फोन करत जा. ते तूच?"

"नाही बाई. ते मी नव्हतं सांगितलं." मधुमतीबाईंनी फडकं पिळलं. "ते त्यांनी आपलं आपण घातलं."

त्या संदेशानंतर अरुणा दर रविवारी फोन करू लागली होती. मार्गारेटवर चरफडत.

ती वळली आणि पाहुण्यांना म्हणाली, "गॅरी येणार नाही. गॅरी मी आहे. माझे वडील फसले नव्हते. त्यांना ठाऊक होतं."

डेनिसनी कीथकडे पाहिलं. कीथने टॉवेलकडे पाहिलं.

"लीड्सचा नॉर्मन," डेनिस घसा साफ करून म्हणाले, "मी आहे. पुरुषोत्तम फार हिरमुसला होता त्या हिवाळ्यात. नॉर्मनची सांधेदुखीही माझीच."

"नॉर्मन तू?" कीथ ओरडला. "मी त्याला औषधं सुचवत होतो!" मग तो जरा लाजला. "माझे तिघं आहेत. त्यातल्या एकाला पुरुषोत्तमने हाकललं. माझ्याच दुसऱ्या दोघांशी भांडतो म्हणून."

"म्हणजे बोलणारे एकंदर चारच," डेनिस म्हणाले. "बाकीचे नुसती नावंच."

"चारच," मधुमतीबाई म्हणाल्या. "त्यातला एक गेला. खा आता. दहा-दहा जणांचे वाट्याला येतात."

खाणं झालं. कीथने संगणक जोडला, तो चालू झाला नाही, आणि तिघांनी त्यावर इतकी वेगवेगळी मतं दिली, की हॉल भरल्यासारखा वाटला. मग डेनिसनी चष्मा लावून भिंतीवर चिकटवलेलं पाकीट वाचलं.

"दहा झालं. वीस, गॅरीचं भाषण."

"पंधराचे वडे झाले. वीसच्या आधी सोळा आहे," अरुणा म्हणाली.

"इथे सोळा नाही."

"आत्ता घालतेय."

ती उभी राहिली. पुढची खुर्ची रिकामी होती. वाक्य इंग्रजीत येईना, म्हणून ती मराठीत बोलली. डेनिस आणि कीथ न कळताही हात जुळवून नीट ऐकत बसले.

"मी मठ्ठ नव्हते, बाबा. नेक्स्ट मी मुद्दाम विसरायचे. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं म्हणून."