गुडघा बोटावर

दौलूतात्या माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचा गुडघा बघत. पाटील देवळाच्या पायऱ्या उतरू लागले की सारे उभे राहून रामराम घालत. तात्या मात्र खाली उकिडवे बसून त्यांच्या पायांकडं बघत राहत आणि पाटील शेवटच्या पायरीवर आले की म्हणत, "पाटील, भार टाचंवर पडतुया. पन्नाशीत कंबर बोंबलंल." पाटलांची पन्नाशी उलटून गेली होती आणि कंबर बोंबलतच होती. म्हणून राग जास्त.

आमचं गाव कुंडलच्या अलीकडं. गावातला पहिला बी.ए. मी. माझा बाप दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजायचा, हे सांगायची मला लाज वाटत नाही आणि बी.ए. सांगायचीही नाही. सांगलीहून डिग्री घेऊन आलो तेव्हा वेशीपासून हलगी लावून मला घरी नेलं. त्या मिरवणुकीत तात्यांनी मला एवढंच विचारलं, "बी.ए., पावलं फाकवून का चालतुयास? जोडं नवं हायत व्हय?"

जोडे नवेच होते.

तात्या लढाईत इटलीला होते, पण त्यांच्या हातात बंदूक नव्हती. लष्करी इस्पितळात जायबंदी शिपायांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं हे त्यांचं काम. तिथं एक उतारवयाची बाई येई. ती पूर्वी बॅले नावाचा नाच शिकवायची. थेटरावर बाँब पडला, पोरी पांगल्या, तशी ती इस्पितळात येऊन लंगड्या शिपायांना पाय टाकायला शिकवू लागली. तात्या तिला 'म्याडम' म्हणत, आणि नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावत. गवई उस्तादाच्या नावाला लावतात तसा.

त्या नाचात बाया अंगठ्याच्या टोकावर उभ्या राहतात, हे त्यांनी पारावर सांगितलं तेव्हा गाव पोट धरून हसलं. त्यात काय, माझी म्हैस जल्मापास्नं बोटांवरच उभी हाय, असं कुणीतरी म्हणालं. तात्यांनी ते मनावर घेतलं नाही. स्वतःच्या खुब्यावर थाप मारून म्हणाले, "पाय भाईरला वळतो त्यो हितनं. पावलातनं न्हाई. पाऊल वडून फाकवलं की गुडघा गेला म्हनून समजा."

परत आल्यावर तात्यांनी गावाचं लेझीम पथक हातात घेतलं. अर्ज लिहायला कुणीतरी पाहिजे म्हणून मी पथकाचा चिटणीस झालो. आमची पोरं उड्या मारत ती खांबासारखी ताठ, आणि फरशीवर आदळत ती टाचांवर. जत्रा झाली की आठवडाभर नडग्या शेकत बसत. तात्यांनी आधी लेझमी काढूनच घेतल्या. सगळ्यांना आपल्या गोठ्यात नेऊन एका हातानं गव्हाण धरायला लावली. म्याडमच्या शाळंत लाकडी दांडा असायचा, आपली गव्हाण काय वाईट हाय, हा त्यांचा सवाल. पोरं रांगेत उभी राहून हळूहळू गुडघे वाकवत, हळूहळू उठत, आणि समोरून बैल कडबा खात त्यांच्याकडं बघत राही.

"शेंडीला दोरी बांदून आडव्या वाशाला टांगलंय आसं ऱ्हावा," तात्या मागून फिरत सांगत. "उडी मारली की मांजरावानी उतरा. बोटं, मग चवडा, मग टाच. आन वाकताना काय?"

"गुडघा बोटावर," पोरं कंटाळून म्हणत.

पण गुण आला. काही महिन्यांत अशी वेळ आली की हलगी ऐकू येई, लेझीम ऐकू येई, पावलं मात्र ऐकू येत नसत.

गव्हाणीच्या शेवटी हौसा उभी राही. तात्यांची एकुलती लेक. तात्या इटलीत असताना तिला ताप आला आणि तापात डावा पाय वाळला. तात्यांची बायकोही त्याच साली गेली. म्हाताऱ्या आजीनं पोर वाढवली. लढाई संपल्यावर तात्या ट्रंक घेऊन दारात आले, तेव्हा हौसा उंबऱ्यावर येऊन म्हणाली, "आबा घरात न्हाईत. लढाईवर गेल्यात." हे तात्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझा गुडघा तपासला.

सांगलीला लेझमीच्या चढाओढी ठरल्या. जायच्या तोंडावर तात्यांनी एक नवी पावली काढली. दर चौथ्या ठोक्याला डावा गुडघा खचवायचा, खांदा पाडायचा, पाय खड्ड्यात गेल्यासारखा. पोरांना ती पटेना. मीही बोलून पाहिलं. तात्या ऐकेनात. ही पावली न्हाई तर मी न्हाई, म्हणाले.

सांगलीत पथक उतरलं. पहिले तीन ठोके मैदान गप्प होतं, इतकं सुरेख. चौथ्याला कुणीतरी ओरडलं, "आरं, आख्खं पथक लंगडतंय गड्या!" मग जे हसू सुटलं ते शेवटपर्यंत थांबलं नाही. पंचांनी आम्हाला तळाला टाकलं. परत आल्यावर पोरांनी लेझमी तात्यांच्या दारात टाकल्या आणि पुन्हा कुणी गोठ्याकडं फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारायला गेलो. तात्या गव्हाण झाडत होते. मी सरळ म्हणालो, तात्या, पथक बुडवलंत. कशासाठी?

त्यांनी खराटा भिंतीला लावला. "म्याडमनं शिकिवलं त्ये समदं पोरीला शिकिवलं, बी.ए. पर पायातली शीर मेलीया. आसलं पाय लय बघितल्यात मी. पैल्यांदा हात लावला तवाच कळलं."

त्यांनी बैलापुढं कडब्याची पेंढी टाकली.

"तिचा पाय आपल्यावानी हुत न्हाई. मग आपुन तिच्यावानी खेळावं. सांगलीत ही पावली गाजली आसती, तर गावानं जत्रंतबी धरली आसती. तवा हौसाला रांगंत मधी हुबी करनार हुतो. कुनाला वळखू आली नसती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला बोलू नगं. पाय सुदारतुया आसं वाटतंय तिला."

जाब माझ्यापाशीच राहिला. बाहेर आलो तर अंगणात हौसा पोरांनी टाकलेल्या लेझमी फडक्यानं पुसत होती. गोठ्याकडं एक नजर टाकून ती हळूच म्हणाली, "दादा, ह्यो पाय बरा हुयाचा न्हाई. मला ठावं हाय. पर आबास्नी वाटतंय हुईल. गव्हाणीला हुबी ऱ्हायले की लय खूश असत्यात. तुमी काय बोलू नगा."

मी मान हलवली. आत तात्यांपुढंही हलवली होती.

त्या साली जत्रेत आमच्या गावाची लेझीम नव्हती. पालखी देवळाकडं गेली तेव्हा मी मागच्या गल्लीनं तात्यांच्या घराकडं गेलो. गोठ्यातून दोन लेझमींचा आवाज येत होता. कुडावरून पाहिलं. बापलेक पाठमोरी होती. तीन ठोके दोघं ताठ, चौथ्याला दोघांचा डावा खांदा एकदमच खाली जाई. पावलांचा आवाज नव्हता. आणि दोघांतलं लंगडं कोण, ते मागून सांगता येत नव्हतं.