बांबू की लाकूड

नाताळच्या आधी सुकेळ्यांचे पाचशे पुडे मुंबईला पोचवणं ही माझ्या डाव्या हातची गोष्ट होती. आजही छातीठोकपणे सांगतो. सन एकावन्न साली पापडी गावच्या सुकेळी कंपनीत मी मॅनेजर होतो. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर आठ दिवस उन्हात वाळवायची आणि पानात बांधायची. यात अडायचं काय?

अडायला आमच्याकडे पाच डायरेक्टर होते.

मुंबईच्या व्यापाऱ्याची ऑर्डर नेहमीच्या तिप्पट होती. मी तीनशे घड आणून खोलीत पिकत घातले. वाळवायचे जुने मांडव मात्र पुरणार नव्हते. आणखी दहा हवेत, असा अर्ज मी बोर्डापुढे ठेवला. वाटलं, चहा संपायच्या आत सही होईल.

"मांडव कशाचे?" अध्यक्ष दयारामशेठांनी विचारलं.

"बांबूचे. नेहमीसारखे."

"लाकडाचे टिकतात," फर्डिनंड मास्तर म्हणाले. मास्तर शाळेतून रिटायर झाले होते, पण वर्ग घ्यायची सवय गेली नव्हती.

झालं. बांबू की लाकूड यावर दोन तास गेले. शेवटी ठरलं, की दोघांनी लाकूड बघावं, दोघांनी बांबू बघावा आणि पुढच्या सोमवारी बसावं. पाचव्याने काय बघावं, तेही सोमवारीच ठरणार होतं.

"शेठ, केळी गुरुवारी पिकतील," मी म्हणालो.

"घाई करू नका, क्लेमेंट. घाईत चुका होतात."

माझं डोकं असं तापलं, की त्यावर भाकरी भाजली असती.

केळी गुरुवारीच पिकली. जुन्या मांडवांवर मावली तेवढी सोलून टाकली. दोनशे घड खोलीतच राहिले. सोलणाऱ्या बायांची मुकादम बायजा कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"मॅनेजर, केळ्याला मिटिंग कळत नाय. उरलेले घड मला द्या. आळीतल्या खाटा गोळा करते, अंगनात वाळवते."

"बोर्डाला विचारावं लागेल," मी म्हणालो.

"विचारा," ती म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही.

शनिवारी केळ्यांवर ठिपके पडले. रविवारी ती काळी पडली. सोमवारी डायरेक्टर नाकाला रुमाल लावून बसले.

"हा वास कसला?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या विचाराचा," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

बांबूचा ठराव एकमताने मंजूर झाला. मंगळवारी बांबू आले, तेव्हा आम्ही केळी पुरायला खड्डा खणत होतो. ऑर्डर गेली. ऐन सणाच्या तोंडावर तीस बायांचं काम बंद करायचं ठरलं आणि ते सांगायला मला पाठवलं. हे ठरवायला मात्र पाच मिनिटं पुरली.

दात-ओठ खात मी बायजाच्या दारात गेलो. तीसच्या तीस बाया तिथेच होत्या. अंगणभर खाटा आणि खाटांवर केळी. बायजाने बागायतदारांकडून स्वतःच घड उचलले होते. मुंबईच्या व्यापाऱ्याला कुणकुण लागली, तसा तो निम्मी ऑर्डर तिला देऊन गेला होता.

"बरे आलात," ती म्हणाली. "मुंबईची पत्रं इंग्रजीत येतात. लिहाय-वाचायला मानूस पायजे. येता?"

मनातून मी उडीच मारली. पण तोंडातून निघालं, "विचार करून दोन दिवसांत कळवतो."

"हो म्हणायचं की," घरी बायको लुसी म्हणाली. मी तरी नीट विचार केला. कंपनीची खुर्ची, दारावरची पाटी, अंगणातली ती खाट.

तिसऱ्या दिवशी गेलो, तर बायजाच्या ओट्यावर आमच्या कंपनीतला कारकून जोसेफ पत्र लिहीत बसला होता.

"तुमी काय बोलला नाय," बायजा म्हणाली. "त्याने तिथल्या तिथे हो म्हटलं."

मला असा संताप आला म्हणून सांगू. तो नेमका कोणावर काढायचा, ते मात्र अजून ठरलेलं नाही.