चेअरमनसाहेबांच्या मोटारीखालून पाट मोकळा केला त्याची हकीगत

"अगं, ती गटार नव्हे, आमचा पाट आहे. फरशी घालायला आले की ओरड हो," ऐसे भेंडीवाल्या काकूंनी कुंपणापलीकडून आम्हांस बजाविले होते. ते समयी बाळराजांची दुपटी बदलणे चालू होते, सबब "हो हो" म्हणोन आम्ही खिडकी लाविली. त्या "हो हो"पायी पुढे केवढी मोहीम काढावी लागली, ते सादर लिहितो.

पूर्वी या मुलखी चहूंकडे मळे. मग शहर वाढत आले, आणि इमारती उठल्या, आणि धरणाचे पाणी आधी नळास, मग हौदास, मग मोटारी धुवावयास, आणि उरल्यास शेतास, ऐसा दंडक पडिला. शेतास पाणी सोडण्याची आठवड्याची पाळी महिन्यावर गेली. मळे बुडाले. आमचे भिंतीस लागोन काकूंचा भेंडीचा एक तुकडा तेवढा तगला, त्याचा पाट आमचेच अंगणातून. सोसायटीने तो गटार समजोन फरशीखाली गाडिला, ते समयी आम्ही ओरडावयाचे विसरलो. मागील पाळीस वाहनतळी पाणी येऊन टायर भिजले, म्हणोन चेअरमनसाहेबांनी पाटाचे लोखंडी दार लावविले, आणि त्यावर फरशीत जे झाकण होते, त्यावर खासा आपली मोटार उभी केली.

पाळीचा दिवस उगवला. पाणी चारपर्यंतच. काकू फावडे घेऊन फाटकाशी आल्या, तो वॉचमन आडवा. काकू म्हणाल्या, "आज चुकलं तर फुलं गळतील गं पोरी. मग बिल्डर बसलाच आहे टपून." आम्ही तातडीने इंटरकॉमवर अर्ज गुजराणिला. चेअरमनीणबाईंचा हुकूम जाहला, की स्वारी निद्रिस्त आहे, पाचाआधी उठविल्यास घरात राहवत नाही.

मग मसलत केली. बाळराजांचा बाणा ऐसा, की बाबागाडी चालती तोवर प्रसन्न, थांबली की प्रळय. त्यांस टोपी घातली, मानेस हात लावोन ताप नाही ऐसे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि छत्री धरोन गाडी चेअरमनसाहेबांचे खिडकीखाली, मोटारीस भिडवोन उभी केली. बाळराजांनी तोफ डागिली. कबुतरे उडाली, वॉचमनाने कान झाकिले तो काकू फाटकातून आत शिरल्या, आणि खुद्द साहेब बनियनानिशी खिडकीत प्रकटले.

"अहो, काय हे! न्या ना त्याला पुढे!"

"कशी नेऊ, काका? तुमची मोटार मध्ये आहे."

साहेब किल्ली घेऊन, चरफडत, खाली उतरले. मोटार हलली मात्र, आणि काकूंनी फावड्याने झाकण उचकटिले.

"बाई, गटार कशाला उघडता?"

"वास घ्या आणि सांगा, साहेब, गटार की पाट!"

साहेब खरेच वाकले. इतक्यात काकूंनी दार वर ओढिले आणि पाणी खळाळत सुटले, आणि त्यासवे साहेबांची डावी चप्पल भिंतीखालून भेंडीत दाखल जाहली. बाळराजे रडे टाकोन टाळ्या पिटू लागले. साहेब एका पायावर उभे राहोन तहास राजी जाहले, की पाळीचे दिवशी मोटार उन्हात लावावी. भेंडीचे वाफे भरले, फुले राहिली, बिल्डराचा मोर्चा उठला, चप्पल लुटीत जमा. येणेंप्रमाणे फत्ते जाहली, ती रुजू असावी.

वाफे भरताच काकूंनी आपली बाजू बंद केली आणि पाणी पुढे सोडिले. "आता भावोजींची वांगी. त्यांचं शेत पार शेवटी. वाटेत चार इमारती झाल्यात, पोचतं का कुणास ठाऊक."

भावोजी फोन उचलीत नाहीत. काकू चिखलात, आणि बाळराजे दोनदा शिंकले, सबब आमचेने बाहेर पडवत नाही. तरी वाचकांपैकी मोठ्या रस्त्यापलीकडे कोणाचे जाणे असेल, त्यांनी पेट्रोलपंपामागे जरा वाकोन पाहावे. वांग्यांत एक म्हातारे फावडे टेकोन उभे असतील. पाणी आले का, एवढे त्यांस विचारावे. आणि न आल्यास, वाटेत कोणाची मोटार उभी आहे, तेही पाहोन यावे.